सादळलेली साक्ष

मित्रांनो, तपकिरी काच, काळं झाकण आणि पोटावर चिकटवलेला पांढरा कागद एवढंच पाहिलंत, तर तुम्ही मला खोकल्याच्या औषधाची बाटली समजाल. खुशाल समजा. झाकण मात्र उघडू नका. वेळी-अवेळी झाकण उघडल्यानेच माझं वाटोळं झालं. शिवाय माझ्या पोटात सुक्या बोंबलाची भुकटी आहे, आणि ज्यांच्या घरी बोंबील शिजत नाही त्यांना तो वास सोसायचा नाही.

मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत राहते. तिथे लोक मसाले, दूध, पाणी, मासळी तपासायला आणतात. माझं काम सांगायला सोपं आहे. वाण्याचा काटा खरा की खोटा, हे त्याच्यावर खात्रीचं वजन ठेवून कळतं ना? तसंच प्रयोगशाळेतल्या यंत्रांचं. मासळीत शिसं किती आहे हे सांगणारं यंत्र खरं बोलतं का, हे पाहायला अशी मासळी लागते जिच्यातलं शिसं आधीपासून पक्कं ठाऊक आहे. ती मी. मला प्रमाणित संदर्भ पदार्थ म्हणतात आणि घाईत असलेली माणसं इंग्रजी आद्याक्षरं जोडून सीआरएम म्हणतात. एके काळी ते नाव ऐकलं की माझा ऊर भरून यायचा. आता कुणी ते उच्चारलं तर मान खाली घालावीशी वाटते, पण बाटलीला मान खाली घालायची सोय नसते.

माझा जन्म मुलुंडचा. तिथे एका संस्थेत माझ्यासारखे पदार्थ बनवण्याखेरीज दुसरा उद्योगच नाही. किनाऱ्यावर उन्हात कडकडीत वाळलेले बोंबील पोत्यांतून आले, दळले गेले, चाळणीतून गाळले गेले आणि मग एका मोठ्या पिंपात गरागरा फिरवले गेले. इतकं फिरवलं की मला भोवळच आली. चंद्रप्रकाश सर तिथले वडीलधारे शास्त्रज्ञ. त्यांचं एकच टुमणं असायचं, "पहिल्या बाटलीत जे असेल तेच शेवटच्या बाटलीत असलं पाहिजे. नाहीतर ही भुकटी घरी नेऊन चटणी करा." बाटल्या भरल्यावर अधूनमधून एक उचलून तपासली जाई. माझ्या काही बहिणींना मुद्दाम उकाड्यात ठेवलं, त्या बिघडतात का ते पाहायला. काहींना दूरदूरच्या प्रयोगशाळांत पाठवलं. सगळीकडची उत्तरं जुळली तेव्हा कुठे माझ्या नावासमोर शिशाचा आकडा लिहिला गेला. त्या आकड्यापुढे आणखी एक छोटा आकडा होता, खरं उत्तर इतकं इकडे किंवा तिकडे असू शकतं हे सांगणारा. चंद्रप्रकाश सर म्हणायचे, "आपल्याला काय नक्की माहीत नाही तेही लिहायचं. त्यात कसली लाज?"

त्यांनी माझ्याबरोबर सूचनाही पाठवल्या होत्या. मला कोरड्या भांड्यात ठेवायचं. झाकण घट्ट लावायचं. प्रत्येक वेळी वापरण्याआधी माझी चिमूटभर भुकटी वेगळी तापवून तिच्यात ओल किती शिरली आहे ते पाहायचं आणि तेवढी ओल हिशेबातून वजा करायची. मी समुद्राची लेक. माझ्या अंगात मीठ आहे आणि मिठाला हवेतली ओल ओढून घ्यायची खोड असते. हे त्यांना ठाऊक होतं.

अंधेरीत माझा ताबा रुचिरा परबकडे आला. बोरीवलीला राहणारी, चटपटीत, हसरी मुलगी. कामाला बसली की केस वर बांधून टाकायची आणि कुणाशी बोलायची नाही. तिने मला काचेच्या भांड्यात ठेवलं. त्याच्या तळाशी ओल शोषणारे निळे मणी होते. ते गुलाबी झाले की ओलीने भरले असं समजायचं आणि बदलायचे. रुचिरा ते वेळच्या वेळी बदलायची. मला उघडायची ती क्षणभरच, जसा आपण गरम भाकरीचा डबा उघडतो.

वर्षातून एकदा बाहेरून परीक्षक यायचे. प्रयोगशाळांसाठी जगभर जे नियम मानतात, ते इथे पाळले जातात का, हे बघायला. त्या दिवशी माझा थाट नवरीसारखा. माझी काच पुसली जाई, प्रमाणपत्राचा कागद समोर ठेवला जाई. परीक्षक मला हातात घेऊन उजेडात धरत आणि मान डोलावत. प्रयोगशाळेचे प्रमुख हर्षद सर अभिमानाने म्हणत, "आमच्याकडे सगळं प्रमाणित असतं." मी मनातल्या मनात फुगून जाई. मित्रांनो, फुगणं वाईट. मी तर पुढे खरोखरच फुगले.

गेल्या पावसाळ्यात कामाचा डोंगर झाला. खोलीतला एसी बंद पडला. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणत राहिला. निळे मणी गुलाबी झाले. रुचिराने ते पाहिले, "उद्या बदलते" असं स्वतःशीच म्हणाली आणि हाक आली म्हणून निघून गेली. तो उद्या काही उजाडला नाही. एकदा तर फोन आला म्हणून ती मला उघडीच टाकून गेली. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. पण खरं सांगते, आत येणारी ती दमट हवा मला गोड लागली. समुद्राचा वास होता तिला. मी ती पिऊन घेतली. पापड सादळतो ना, तशी मी सादळत गेले.

"सर, सीआरएमची ओल बघायला वेळ लागेल," रुचिरा एका सकाळी म्हणाली.

"मागच्या वेळी बघितली होतीस ना? तीच धर यार. केवढे नमुने पडलेत बघ," हर्षद सर म्हणाले.

तिने तीच धरली. माझा ठरलेला चमचा मोजून घेतला. आता त्या चमच्यात पूर्वीपेक्षा भुकटी कमी आणि पाणी जास्त होतं. भुकटी कमी म्हणून शिसंही कमी. यंत्राने जे होतं ते प्रामाणिकपणे सांगितलं. पण माझ्या कागदावर आकडा मोठा होता.

"मशीन कमी दाखवतंय, सर."

"सीआरएम चुकत नाही. मशीनचंच काहीतरी असणार. जेवढं कमी दाखवतं तेवढं सगळ्या निकालांत वाढवून घे."

सीआरएम चुकत नाही! हे ऐकताना मी काचेआड गप्प बसले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. खरं बोलणाऱ्या यंत्राला खोटं ठरवलं आणि खोटं बोलणारी मी साव ठरले. त्या दिवसापासून प्रत्येक मासळीच्या शिशात माझ्यामुळे थोडी भर पडू लागली.

त्यातच वेसाव्याच्या कोळणींच्या बचत गटाचे बोंबील आले. नलिनी टपके ही त्या गटाची पुढारी. पिढ्यान् पिढ्या बोंबील सुकवून विकणारं घर. आता एका मोठ्या दुकानवाल्या कंपनीने त्यांची पाकिटं ठेवायची कबूल केली होती, फक्त तपासणीचा दाखला हवा होता. त्यांच्या बोंबलात शिसं होतं, पण मर्यादेच्या आत, अगदी काठावर. माझी भर पडली आणि ते काठाबाहेर गेलं. कंपनीने पाकिटं परत पाठवली. बातमी कुठून फुटली कोण जाणे, पण आठवड्याभरात अख्ख्या बाजारात बोभाटा झाला की नलिनीच्या बोंबलात शिसं आहे.

नलिनीताई स्वतः प्रयोगशाळेत आल्या. अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात निकालाचा कागद. भांडायला आल्यासारख्या दिसत होत्या, पण भांडल्या नाहीत. रुचिरासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाय, खरं सांग. आमच्या म्हावऱ्यात विष हाय काय?"

"मावशी, मर्यादेपेक्षा थोडं जास्त आहे. एकदा-दोनदा खाल्ल्याने काही होत नाही."

"एकदा-दोनदा?" नलिनीताईंनी कागद टेबलावर ठेवला. "माजा नातू चार वर्सांचा. दात आल्यापासून बोंबील खातो. मीच भरवते त्याला. आता तो ताटावर बसून रडतो आनि मी त्याला देत नाय. शिसं डोक्यात जातं म्हनतात. मीच घातलं काय गं त्याच्या डोक्यात?"

"डॉक्टरांना दाखवा," एवढंच रुचिरा म्हणाली. नलिनीताई कागदाची घडी करून निघून गेल्या. मी शेल्फावर होते, हातभर अंतरावर. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आणणारी मी, आणि तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, कुणाच्या तरी हातून पडावं आणि फुटून जावं.

सत्य कळलं ते आणखी काही दिवसांनी. बाहेरची एक संस्था मधूनमधून एकाच मासळीचे नमुने कितीतरी प्रयोगशाळांना पाठवते. आत शिसं किती हे कुणाला सांगत नाही. मग सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी मांडते. या वेळी सगळ्यांची उत्तरं जवळजवळ होती, आमचंच तेवढं उंच गेलं होतं.

रुचिरा हादरली. तिने यंत्र धुऊन पाहिलं, रसायनं बदलली, पाणी बदललं. संशय माझ्यावर सगळ्यांत शेवटी आला, कारण माझ्याजवळ कागद होता आणि कागदावरची मुदत अजून संपली नव्हती. शेवटी तिने माझ्यात चमचा घातला. भुकटी भुरभुरली नाही. चमच्याला चिकटून गोळा होऊन बाहेर आली. रुचिरा त्या गोळ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने चिमूटभर भुकटी तापवून वजन केलं, तेव्हा माझ्यात किती ओल शिरली आहे ते तिला कळलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत तिने डोळ्यांनी पाहिली.

"सर, वेसाव्याचा माल पास होता," तिने हर्षद सरांना सांगितलं. "त्यांचा राखून ठेवलेला नमुना मी सीआरएमच्या नव्या बाटलीबरोबर परत तपासला. पास आहे."

हर्षद सरांचा चेहरा उतरला. "पुढचे रिपोर्ट नीट देऊ. मागचं कशाला उकरायचं? लॅबची मान्यता जाईल, रुचिरा. वाट लागेल सगळ्यांची."

"नियमातच आहे सर. चुकीचा निकाल गेला असेल तर आपणच होऊन कळवायचं."

"नियमात सगळंच असतं गं."

"सर, ती बाई भीतीने नातवाला बोंबील भरवत नाहीये."

हर्षद सरांनी उठून एसीवाल्याला फोन लावला. त्याच्यावर नको इतके ओरडले आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसले. त्या पावसाळ्यातले सगळे निकाल परत तपासायचे ठरले. कंपनीला आणि मान्यता देणाऱ्या संस्थेला चूक कबूल करणारी पत्रं त्यांनी स्वतः लिहिली. "पण बाजारात तू जा," ते म्हणाले. "मला नाही जमणार त्यांच्यासमोर उभं राहायला."

रुचिरा मला पिशवीत घालून वेसाव्याच्या बाजारात गेली. का नेलं, ते मला नंतर कळलं. एकटीने उभं राहायची तिला भीती वाटत होती. नलिनीताईंच्या पुढ्यात बोंबलांचा ढीग तसाच पडला होता. शेजारणीकडे गिऱ्हाईक होतं, त्यांच्याकडे नव्हतं. रुचिराने खाली बसून सगळं सांगितलं. मला बाहेर काढून दाखवलं. आवाज इतका बारीक की मलाही नीट ऐकू येईना.

नलिनीताईंनी ऐकून घेतलं. "म्हनजे पोराला काय नाय झालं?"

"नाही मावशी. तुमचा माल चांगला आहे. चूक आमची होती."

त्यांनी पदर तोंडावर धरला. खांदे हलत राहिले. मग पदर खाली आला तेव्हा चेहरा कठीण झाला होता. "मला एकटीला काय सांगतेस? उभी ऱ्हा. ज्यांनी ऐकलंय त्यांना सांग. मोठ्यानं सांग. शिसं हाय म्हनून कागद आला तेवा कोनाला ओरडावं लागलं नाय, सगल्यांना आपोआप कललं."

रुचिरा उभी राहिली. ऐन बाजारात, कोळणींच्या आरोळ्यांमध्ये, मला घट्ट धरून. "ऐका ना," ती म्हणाली, "मी लॅबमधून आलेय. या मावशींच्या बोंबलात काही दोष नाही. आम्ही चुकीचं सांगितलं होतं." एक बाई थांबली, "हो का?" म्हणाली आणि शेजारणीकडून पापलेट घेऊन गेली. दोघा-तिघांनी वळून पाहिलं. एका माणसाला ती काहीतरी विकतेय असं वाटलं. ती पुन्हा बोलली, पुन्हा बोलली, रडत रडत बोलली. कुणी बोंबील घेतले नाहीत.

संध्याकाळी नलिनीताईंनी पाटी आवरली. रुचिराला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "आज आलेले एवढेच. बाकीचे उद्या येतील. उद्या परत ये."

ती गेली. सुट्टी काढून गेली. अजून दर रविवारी जाते. गिऱ्हाईक परत येतंय, पण एकेक करून. खोटं पसरायला मात्र एकच आठवडा लागला होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला टाकू नका, अडगळीत फेकू नका. मी उलटं मागते. कागदावर भुलू नका. ज्याच्यावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्याला सगळ्यांत आधी तपासा. मी कितीही नावाजलेली असले, तरी बिघडल्याचा संशय आला की मला उघडून बघा. बिघडले असेन तर माझी गय करू नका. मला वेळेवर टाकलं असतं, तर वेसाव्यातलं एक लेकरू आपल्या आजीसमोर ताटावर बसून रडलं नसतं.