विकायचं खाचर

वहिनीच्या धाकट्या दिराला सगळे ‘कोळसासम्राट’ म्हणायचे. भाताचा पेंढा उघड्यावर पेटवू नका, पिंपात कमी हवेवर भाजा, त्याचा कोळसा शेणकाल्यात मुरवा आणि खाचरात घाला, असं तो चार माणसं दिसली की सांगत सुटायचा. वहिनीला त्याची टकळी नकोशी व्हायची, पण कोळसा मात्र पटला होता. एकदा मातीत गेला की तो नातवंडांच्या काळापर्यंत टिकतो, हे ऐकून तर ती हरखलीच होती. पेंढा तिनेच उलटापालटा करून वाळवला.

मग गोठ्याचं छप्पर गळलं आणि पेंढा भिजला. लावणी तोंडावर आलेली, पुन्हा वाळवायला सम्राटाला धीर कुठला? त्याने रात्रीच पिंप पेटवलं.

सकाळी वहिनी पिंपातून टोपली भरायला गेली आणि नाक दाबून मागे सरली. कोळशाला असा वास येत नाही. हा घशात जाऊन बसला. तिने हात घातला तर बोटांना चिकट काळा गोळा लागला, त्यात खताच्या पोत्याचा निळा धागा अजून शाबूत. खाली आणखी गोळे, आणि एकात रबरी चपलेची अर्धी टाच. ती हात मातीवर घासत राहिली, तरी तो चिकटपणा जाईना.

“भाऊजी, हे काय जाळलंत?”

“ओला पेंढा पेटेना वहिनी. दोन-चार पोती टाकली, जरा रबर. काळं ते काळंच! मातीत गेल्यावर कोण बघतंय?”

“त्या मातीतून भात येणार आहे.”

“येईना का. मोठ्या खाचरातला भात आपण थोडाच खातो? तो विकायचा.” असं म्हणून तो चक्क हसला. लाज कोळून प्यायलेला माणूस असाच हसत असेल.

वहिनीने गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा भावाच्या कानाखाली आवाज काढणार. आयुष्यभर सरळ वागलेला माणूस. तो खालमानेने म्हणाला, “आपल्या खाण्याच्या खाचरात नको घालूया. तेवढं सांभाळू.”

दिराचा तिला राग आला होता. नवऱ्याची मात्र किळस आली, आणि ही किळस तिला नवी होती.

तिने टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि मोठं खाचर ओलांडून सरळ विहिरीलगतच्या छोट्या खाचराकडे चालू लागली. घरचा भात तिथे व्हायचा.

“अगं, कुठे?” नवरा ओरडला.

“काळं ते काळंच ना? आपल्यातही पडू दे थोडं.”

कामाला बोलावलं तर ज्यांचे पाय जड व्हायचे, ते दोघे भाऊ बांधावरून धडपडत धावले. नवऱ्याने टोपली दोन्ही हातांनी धरली. “वेड लागलंय का? पोरं खातात यातलं!”

“म्हणजे कळतं तुम्हाला,” ती म्हणाली आणि टोपली सोडून दिली.

टोपली त्याच्या छातीवरून पायांवर उपडी झाली. तो हात झाडत राहिला. तिने त्याला पुसायला फडकं दिलं नाही.