त्रेसष्टला मरणारं मशीन

कुपवाडला आण्णा चौगुल्यांचं मोटार वायंडिंगचं वर्कशॉप होतं. विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या, आणि त्यांतली काळी पडलेली तार उपसून नवी भरायचं काम अंजना बनसोडे करायची. ती तिशीची होती, नवरा मिरजेच्या रेल्वे यार्डात होता. वर्कशॉपात ती एकटीच बाई, पण बारीक तारेचं काम आलं की आण्णा गड्यांना बाजूला सारून तिलाच हाक मारायचे.

एकोणऐंशीच्या जानेवारीत सुभेदार लालासाहेब माने वर्कशॉपात आले. मूळचे कोरेगावकडचे, फौजेत सिग्नल्समध्ये, बिनतारी संदेशांच्या खात्यात, सव्वीस वर्षं काढून आता सांगलीत विश्रामबागेच्या पुढं घर बांधून राहिलेले. त्यांनी आपला उजवा हात आण्णांच्या टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती.

"आण्णा, ह्यो हात आता कथलाचा बारीक डाग देत न्हाई. मला एक शांत हात पायजे. रविवारचा."

"काय जोडायचंय?"

"घरी कॉम्प्युटर बांधलाय."

आण्णा हसले नाहीत, कारण त्यांना ते काय असतं हेच नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी मागं वळून अंजनाला बोलावलं.

पहिल्या रविवारी अंजना सुभेदारांच्या घरी गेली तेव्हा तिला वाटलं होतं, रेडिओसारखं काहीतरी असेल. पुढच्या खोलीत टेबलावर एक लाकडी चौकट होती. चौकटीत हिरवट पत्र्यांवर काळ्या किड्यांसारखे चौकोनी तुकडे बसवलेले, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी पाय. मधला तुकडा सगळ्यांत मोठा, चाळीस पायांचा. सुभेदार त्याला चिप म्हणत. तो सुभेदारांच्या मेव्हण्यानं परदेशातून आणला होता. मेव्हणा बोटीवर नोकरीला होता. तुकड्याबरोबर एक पातळ इंग्रजी पुस्तक आलं होतं, आणि ते वाचून वाचून सुभेदारांनी पानं सुटी केली होती. चौकटीच्या पुढच्या अंगाला आठ खटके होते आणि खटक्यांच्या वर आठ दिवे. रेडिओच्या काट्यामागं असतात तसले पिवळे बल्ब.

"ह्यो करतो काय?" अंजनानं विचारलं.

"सांगंल त्ये करतो. पर सांगायचं ह्या खटक्यांनी. खटका वर म्हंजी व्हय, खाली म्हंजी न्हाई. दुसरी भाषा त्येला येत न्हाई." सुभेदार खुर्ची ओढून बसले. "मी त्येला एवढंच सांगतोय, की मोज. एक, दोन, तीन. आन् मोजलेलं दिव्यांत दाव."

त्यांनी तिला दिवे वाचायला शिकवलं. उजवीकडचा पहिला दिवा एकाचा, त्याच्या डावीकडचा दोनाचा, पुढचा चाराचा, मग आठाचा. पेटलेल्यांची बेरीज करायची. अंजनानं डाव्या हाताची बोटं मिटून एकेक उघडून बघितलं. थोड्या वेळानं ती थांबली.

"आवं, एका हातावर एकतीस बसत्यात!"

"व्हय. दोन्ही हातांवर हजाराच्या वर."

अंजना आपल्या हातांकडं बघत राहिली. इतकी वर्षं तिनं ह्याच बोटांवर वेढे मोजले होते, दहा झाले की पुन्हा पहिल्यापासून.

सुभेदारांनी मशीन चालू केलं. सतरा ओळी सांगायच्या होत्या, प्रत्येक ओळीला आठ खटके लावायचे आणि एक बटण दाबायचं. वीज गेली की सांगितलेलं सगळं पुसलं जायचं. शेवटी त्यांनी बाजूचा मोठा खटका वर केला आणि दिवे आपोआप चालू लागले. एक. दोन. तीन. कुणी हात लावत नव्हतं. अंजना टेबलापासून एक पाऊल मागं सरली. दिवे बदलत त्रेसष्टपर्यंत गेले, सहा दिवे ओळीनं पेटले, एकदम मंदावले, मग भलतेच तीन पेटून तिथंच थिजले.

"मेलं," सुभेदार म्हणाले.

तीन महिने असंच चाललं होतं. मशीन सुरू व्हायचं आणि मिनिटाच्या आत मरायचं. सुभेदारांचा संशय दोन गोष्टींवर होता. एक तर त्यांच्या थरथरत्या हातांनी दिलेले डाग कच्चे राहिले असतील. आणि दुसरी गोष्ट त्यांनी आवाज खाली आणून सांगितली, जणू मशीनला ऐकू जाईल. "त्रेसष्टानंतर चौसष्ट. साही दिवे इझून सातवा एकटा पेटायला पायजे. हातचा लय लांब न्यावा लागतो. तितं त्येचा पाय घसरतोय का काय! तसं आसंल तर चिपच खराब. आन् दुसरी चिप मला कोण देतंय?"

अंजनानं त्या रविवारी आणि पुढच्याही रविवारी सगळे डाग उकलून नव्यानं दिले. श्वास रोखून, एकेका पायाला कथलाचा थेंब. येसूबाई, सुभेदारांच्या बायको, पहिल्या रविवारी तिचा चहा पायरीवर ठेवून गेल्या होत्या. दुसऱ्या रविवारी त्या चहा घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या, काम बघत राहिल्या, आणि मग कप टेबलावर आणून ठेवला.

दुसऱ्या रविवारीही मशीन मेलं.

अंजनाला आठवडाभर धड जेवण गेलं नाही. आता डाग तिचे होते. चुकलं असेल तर तिच्याच हातून. नवऱ्यानं विचारलं तर ती म्हणाली, "मोजायला जातंय आन् जीवच सोडतंय. जिवंत हाय गड्या त्ये, काय सांगू तुला!" नवरा हसला. ती हसली नाही.

तिसऱ्या रविवारी तिनं सुभेदारांना सांगितलं, "आज काय बी उकलायचं न्हाई. नुसतं बघू या."

सकाळभर सुभेदार खटके लावत आणि अंजना दिवे बघत बसली. पाच वेळा लावलं. पाचही वेळा त्रेसष्टला मेलं. दुपारी दोनला शेताकडचे पंप सुरू झाले. त्या घराला शेताच्याच लायनीवरून वीज येत होती. पंखा हळू फिरायला लागला, आणि मशीन एकतीसलाच मेलं. पुन्हा लावलं, पुन्हा एकतीस.

"आता तर आनखी बिघडलं," सुभेदार म्हणाले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

अंजनानं कान चौकटीजवळ नेला. खाली, चौकटीच्या पोटात, एक छोटा ट्रान्सफॉर्मर होता. त्याची गुणगुण तिला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती, पण ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोच म्हणून तिनं लक्ष दिलं नव्हतं. आता तिनं डोळे मिटले.

"परत एकदा लावा."

सुभेदारांनी सतरा ओळी लावल्या. मशीन मोजू लागलं. एक दिवा असला की आवाज बारीक. दोन, तीन दिवे एकदम लागले की जाड. सोळाला एकच दिवा, पुन्हा बारीक. मग वाढत वाढत एकतीस, पाच दिवे, आणि आवाज असा घोगरा झाला, जसा विजेच्या कमी दाबावर अडकलेल्या पंपाच्या मोटारीचा व्हावा. तो आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता. मशीन मेलं.

तिनं डोळे उघडले. "सुभेदारसाहेब, त्येचा पाय घसरत न्हाई. त्येला वज्जं झेपत न्हाई."

"कसलं वज्जं?"

"दिव्यांचं. सकाळी दाब बरा आसतो तवा पाच दिवे उचलतंय, सहाव्याला मरतंय. दुपारी चार उचलतंय, पाचव्याला मरतंय. पाच दिवे पयल्यांदा एकतीसलाच पेटत्यात आन् सहा पयल्यांदा त्रेसष्टला. मोजायला येतंय त्येला. उपाशी हाय त्ये."

सुभेदार एकेका बल्बाकडं बघत गेले. मग म्हणाले, "ह्ये सिद्ध कसं करणार?"

"उजवीकडचे दोन बल्ब काढा. आत मोजू दे, आपल्याला दिसलं न्हाई तरी चालंल. पंप बंद हुस्तोवर थांबू. मग लावा. त्रेसष्टला मरायचं न्हाई. ऱ्हायलेले साही एकदम पेटले, की तवा मरंल."

पंप चारला बंद झाले. दोन बल्ब काढून ठेवले. येसूबाईही येऊन उभ्या राहिल्या. मशीन मोजू लागलं. त्रेसष्ट आलं आणि गेलं, आणि सातवा दिवा एकटा पेटला. तो दिवा त्या घरात आजवर कधीच पेटला नव्हता. सुभेदारांनी टेबलाची कड घट्ट धरली. एकशे अठ्ठावीसला आठवा पेटला. दोन मिनिटं दिवे पेटत-विझत राहिले. मग उरलेले साही दिवे एका ओळीत पेटले, मंदावले, आणि मशीन मेलं.

मेलेल्या मशीनसमोर सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चिप चांगली हाय," ते म्हणाले. "चिप चांगली हाय गं येसू!" मग ते अंजनाकडं वळले. "फौजेत लय मोठी माणसं बघितली. पर मशीन कवा मरणार त्ये आदी सांगणारं कुणी बघितलं न्हाई."

ट्रान्सफॉर्मर सुभेदारांनी घरीच गुंडाळला होता, शिल्लक राहिलेल्या तारेनं. अंजनानं तो पिशवीत घालून कुपवाडला नेला आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत उकलला. दिव्यांकडं जाणारी तार केसासारखी बारीक निघाली. तिनं त्याहून जाड तार घेतली, आठ वेढे जास्त दिले आणि वर वार्निश चढवलं. आण्णांनी विचारलं, कशासाठी एवढं? ती म्हणाली, "मोजायसाठी."

चौथ्या रविवारी पंप चालू असतानाच त्यांनी लावलं. मुद्दाम. आठही बल्ब जागेवर होते. एकतीस गेलं. त्रेसष्ट गेलं. एकशे सत्तावीसला सात दिवे लागले, तेही गेले. अंजना मोजत नव्हती, मोजायचं काम आता तिचं नव्हतं. ती नुसती बघत होती. शेवटी आठच्या आठ दिवे पेटले आणि चौकट उजळली. गुणगुण जाड झाली, पण घोगरी झाली नाही.

मग सगळे दिवे विझले.

"मेलं?" येसूबाई म्हणाल्या.

आणि उजवीकडचा पहिला दिवा पेटला. एक. मग दोनाचा. मग दोन्ही.

सुभेदार खुर्चीवर टेकले. "संपलं की परत पयल्यापासनं. आपण निजलो तरी मोजंल. आपण गावाला गेलो तरी."

तिघं तीन फेऱ्या होईपर्यंत तसेच बसून राहिले. अंजनाला ह्याची सवय नव्हती. तिच्या हातून गेलेली मोटार फिरते की नाही, हे तिनं कधी विहिरीवर जाऊन बघितलंच नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "उलटं मोजंल का?"

सुभेदारांनी पुस्तक काढलं. पानं उलटली, बोट ठेवलं, दोन वेळा वाचलं. मग आकडा आठावर असताना मशीन थांबवून त्यांनी एक ओळ समोर आणली आणि आपण उठून तिला खुर्ची दिली. "ही ओळ. 'एक वाढव' अशी हाय. उजवीकडचा शेवटचा खटका खाली हाय बघ. त्यो वर कर. बाकी तसंच ऱ्हाऊ दे."

"एकच?"

"एकच."

अंजनानं साडीच्या पदराला हात पुसला. खटका वर केला, बटण दाबलं, मग बाजूचा मोठा खटका. दिवे उलटे उतरू लागले. सात. सहा. पाच. शून्यापाशी सगळे विझले, आणि पुढच्याच क्षणी आठच्या आठ एकदम पेटले आणि वरून खाली येऊ लागले.

एका खटक्यानं. तिच्या बोटानं. येसूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

"मावशी, बघितलंसा?"

"बघतीय की."

"आता त्येला आनखी काय सांगायचं, सुभेदारसाहेब?"

लालासाहेबांनी पुस्तकाची सुटी पानं जुळवली आणि पुन्हा टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा खुलला होता.

"त्ये मला बी ठावं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "तुज्या मनात काय हाय त्ये सांग. मी पुस्तकात हुडकतो."