खड्ड्याजवळचा सिंग

इटलीतल्या क्रेमोनाजवळच्या गोठ्यात नछत्तर सिंगला कामाला लागून दीड वर्ष झालं होतं. मालक ब्रुनेत्ती माणूस वाईट नव्हता, पण पगडी दिसली की सिंग, एवढंच त्याला ठाऊक. गाईंची मात्र दोनशे नावं त्याला तोंडपाठ.

संध्याकाळी धारा काढायची वेळ झाली की तो फाटकातून ओरडायचा, "सिंग!" आणि नछत्तरनं तोंड उघडण्याआधीच शेणखड्ड्याकडून कुणीतरी म्हणायचं, "आलो जी!" तिकडे चिटपाखरू नसायचं. गाई तेवढ्या कान टवकारून बघायच्या.

शेवटी हिय्या करून नछत्तरनं विचारलं, "मालक, माझ्याआधी इथं कोण होता?"

"सिंग. नऊ वर्षं होता. गेला बिचारा, त्या खड्ड्यात पडून."

"पण नाव काय त्याचं?"

"सांगितलं ना, सिंग! तुम्ही सगळे सिंगच की."

नछत्तरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, गाईला नाव आहे, आणि माणसाला नाही? तो तडक खड्ड्याच्या कठड्याशी गेला.

"वीरा, भावा माझ्या, तुझं नाव सांग. रविवारी गुरुद्वाऱ्यात तुझ्या नावानं अरदास करतो."

शेणावर बुडबुडे फुटले. मग थकलेला आवाज आला.

"नऊ वर्षांत कुणी घेतलंच नाही रे. गेलो विसरून. तू तुझं तरी जप."

"माझं? माझं नाव..." नछत्तर म्हणाला आणि आठवत उभा राहिला.

फाटकातून हाक आली, "सिंग!"

"आलो जी," दोघंही एकदमच म्हणाले.