मांगरातली मांय

"तुमचो देव फुडल्या दारान येतलो की मागल्या?" शेजारच्या जानकीने दगडी गडग्यापलीकडून विचारलं.

"देव नाय गो, फादर येतत," आनमारी म्हणाली आणि पुसलेली पायरी पुन्हा पुसायला बसली.

"मगे मागल्या दाराक कडी कित्याक घातलंस?"

"कुत्रो शिरता."

आनमारीच्या मागल्या अंगणात सरपण आणि नारळ ठेवायचा मांगर होता, आणि पर्यटकांचा हंगाम सुरू झाल्यापासून त्यात आनमारीची सासू, मांयही होती. वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. फादर कुटिन्हो मात्र वसईकडून नवेच आलेले.

ईस्टर झाला की फादर वाडीत घरोघर जाऊन खोलीखोलीत पवित्र पाणी शिंपडत. आनमारी सकाळपासून घर घासत होती. समुद्राकडची खोली तर झळझळत होती. आधी तिथे मांय झोपायची. मग आनमारीने एसी लावला, भाड्याने द्यायला खोलीचे फोटो फोनवर टाकले आणि मांयची खाट मांगरात नेली. नवरा बोटीवर, घर चालवायचं तर हात-पाय हलवायला हवेत. शिवाय मांगरात वारा छान येतो. खोकल्याला वारा चांगला. हे तिने इतक्या जणांना सांगितलं होतं की आता तिलाही पटलं होतं. ईस्टरआधी पापं सांगायला गेली तेव्हा राग, चहाड्या, बुडालेली प्रार्थना, सगळं भाजी निवडावी तसं निवडून तिने फादरांपुढे ठेवलं होतं. मांगर त्यात आला नाही. लपवला असंही नाही. ज्याला आपण हवापालट म्हणतो, ते पाप म्हणून कसं सांगायचं?

मग आज हात स्वस्थ का बसत नव्हते, ते तिला कळेना. भरलेला तांब्या तिने ओतला, परत भरला. उगाच उशा झटकल्या. शेवटी मांगराशी जाऊन दारातूनच म्हणाली, "मांय, फादर येतत. वायच खोकलो दाबून धर हां."

"धरतंय," मांय म्हणाली.

फादर आले. ओटी, स्वयंपाकघर, माजघर. प्रत्येक ठिकाणी थेंब उडत होते आणि आनमारी पुढे होऊन दारं उघडत होती.

"घरी कोण कोण असतं?"

"मी नि घोव. तो बोटीर आसा."

"सासूबाई होत्या ना? चर्चच्या वहीत नाव आहे."

"वेंगुर्ल्याक. चेडवाकडे." लेकीकडे गेल्याचं हे खोटं इतक्या पटकन आलं की तिलाच नवल वाटलं.

समुद्राकडच्या खोलीत फादर थांबले. "छान ठेवलीय. पाहुण्यांसाठी?"

"होय. सांजेक येतले."

फादरांनी डोळे मिटले. "देवा, या घरात जे आम्हाला दिसतं ते तू बघतोसच. जे आम्ही बघत नाही, तेही बघ. आणि धुऊन काढ."

झालं. फादर ओटीवर येऊन चपला शोधू लागले. आनमारीने श्वास सोडला आणि तिचा कान आपोआप मागे गेला. मागून काहीच ऐकू येत नव्हतं. दिवसभर खोकल्याने वाजणारी मांयची छाती गप्प होती. मांयने शब्द पाळला होता. आता पदर तोंडात कोंबून बसली असेल.

"चला, येतो."

"फादर," आनमारी म्हणाली. "एक खोली रवली."

तिने मागल्या दाराची कडी काढली. मांगरात सरपणाच्या भाऱ्यालगत मांय खाटेवर बसली होती. तोंडात पदराचा बोळा, डोळ्यांतून पाणी. फादरांना पाहिल्यावर तिने तो काढला आणि खोकली. बराच वेळ खोकली. दम परत आल्यावर म्हणाली, "माकाच हंय बरां वाटता, फादर. वारो येता. मीच सांगलंय सुनेक."

आनमारीचंच वाक्य. म्हातारीने ते जसंच्या तसं उचलून तिच्यासाठी पुढे केलं होतं. आता नुसतं "होय" म्हटलं की सगळं निभावलं असतं. फादर आनमारीकडे बघत होते.

"नाय, फादर. ती काय बोलाक नाय. मीच हाडून टाकलंय तिका हंय, खोली भाड्यान देऊक. वेंगुर्लापण खोटां."

फादर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी पाण्याचं भांडं भाऱ्यावर ठेवलं आणि बाह्या मागे सारल्या. "देवानं ऐकलं. आता खाटेचं ते टोक धरा."

मांयला हात देऊन नेलं, मग खाट नेली. दारात ती अडकली, तिरकी करावी लागली, धुतलेल्या भिंतीवर ओरखडा उठला. समुद्राकडच्या खोलीत फादरांनी पुन्हा पाणी शिंपडलं, यावेळी मांयच्या कपाळावर, आणि पुढच्या घरी गेले.

फोन वाजला. सांजेचे पाहुणे होते. "नाही हो, रूम नाही," आनमारी म्हणाली. "नाही, पुढच्या आठवड्यातही नाही."

मांय पांढरी चादर बोटांनी चाचपत होती.

"आनमारी."

"काय गो मांय?"

"हंय किती दिवस?"

आनमारी खाटेशी टेकली. मांयच्या पांढऱ्या केसांत जागोजागी नारळाच्या काथ्याचे धागे अडकले होते. ते ती एकेक करून काढू लागली. मांयने मान ताठच ठेवली होती, पण बाजूला घेतली नाही.