चमचाभर औषधाखाली

मी दुर्बीण बोलतेय. चंद्र-तारे दाखवणारी नव्हे, माणसाच्या तोंडातून पोटात उतरणारी. करंगळीएवढी जाड, लांबलचक, टोकाला दिवा आणि डोळा. लोकांच्या भानगडीत नाक खुपसू नये म्हणतात, पण माझा धंदाच तो. एका कारखान्यात माझी जुळणी झाली. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा दिवा लावला, तेव्हा मी त्यांच्या हातावरच्या रेषा बघत बसले. तेव्हापासून ही चौकस खोड काही गेली नाही.

दवाखान्यात आले आणि कितीतरी घसे पाहिले. माणसं वर्षानुवर्षं छातीतली जळजळ सोसतात, औषध पितात, झोपतात. पोटातलं आम्ल वर येऊन अन्ननलिका पोळत राहते. कुणाकुणाची आतली कातडी बदलते, लाल मखमलीसारखी होते. त्यातल्या एखाद्याच्या मखमलीत पुढे गाठ धरते.

एक टेलरकाका आले. पंधरा वर्षांची जळजळ. झोपेचं इंजेक्शन दिलं आणि मी आत शिरले. सगळीकडे पांढरट, गुळगुळीत. डॉक्टरांना घाई होती, बाहेर सात जण बसले होते.

"काही विशेष नाही, जरा सूज आहे," ते म्हणाले आणि मला मागे ओढू लागले.

सिस्टरनी पडद्याकडे बोट केलं. "थांबा सर. हा पांढरेपणा कातडीचा वाटत नाही."

त्या दाराशी गेल्या. "काकू, यांना सकाळी काही दिलंत?"

"छे हो, कडक उपाशी आहेत," टेलरकाकू म्हणाल्या. "जळजळायला लागलं म्हणून ते पांढरं औषध तेवढं दिलं चमचाभर. औषध म्हणजे खाणं थोडंच!"

डॉक्टरांनी माझ्यातून पाण्याची पिचकारी सोडली. पांढरा थर वाहून गेला. खाली लाल मखमल होती आणि तिच्यात मसुराएवढा उंचवटा. तपासणीला तुकडा गेला आणि उत्तर आलं : कर्करोग, पण अगदी सुरुवातीचा.

आता दोनच वाटा होत्या. गाठ वरच्या थरात असेल तर मीच ती काढू शकत होते. खोल गेली असेल तर छाती उघडून अन्ननलिकाच काढावी लागणार होती.

किती खोल ते काढल्यावरच कळणार होतं, म्हणून आधी मीच काढून बघायचं ठरलं. ठरल्या दिवशी माझ्या आतल्या नळीतून एक सुई गेली. तिनं गाठीखाली पाणी भरलं, गाठ टम्म वर आली. मग तारेचा फास गेला, आवळला, आणि विजेच्या चटक्यानं तुकडा सुटला. सिस्टरनी तो कॉर्कवर टाचण्या लावून ताणून बसवला आणि तपासणीला धाडला.

जाग आल्यावर काकांनी विचारलं, "केवढा काढलात?"

"कोटाच्या बटणाएवढा," डॉक्टर म्हणाले.

"कापताना मी कडेला चारी बाजूंनी माया ठेवतो, बोटभर जादा कापड. तुम्ही ठेवलीत?"

"ठेवलीय. पुरली का, ते आठवड्यानं कळेल."

तो आठवडा मला फार जड गेला. रोज दुसऱ्यांच्या पोटात जात होते, पण लक्ष सगळं त्या कॉर्कवर.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी कागद वाचला. "चारी कडा स्वच्छ. खालचीसुद्धा."

"म्हणजे अन्ननलिका राहिली?" काकूंनी विचारलं.

"राहिली. उरलेली मखमल नंतर जाळून टाकू. पण दर तीन महिन्यांनी बघावं लागेल."

काकू पदर तोंडाला लावून रडल्या.

मग मी त्यांच्या आत दोनदा जाऊन आले. गाठीच्या जागी फिकट व्रण होता. फार बरं वाटलं.

आता माझी मान नीट वळत नाही, डोळ्यापुढे धुकं येतं. उद्यापासून माझ्या खुंटीवर नवी दुर्बीण लागणार. तुमच्या छातीत वर्षानुवर्षं जळजळत असेल, तर तिला एकदा आत डोकावू द्या. चांगली तल्लख आहे म्हणतात.

मी कपाटात पडून राहीन. टेलरकाका पुन्हा येतील, दार बंद होईल, दिवा लागेल. आत काय दिसलं, ते मला कोण सांगणार?