अकरावं शीट

"ही माही गाडी हाय," मोबाइलवरच्या गेमकडे बघत विश्वंभर म्हणाला.

"तुमची नाही, अण्णा. कोणाचीही काळी-पिवळी आहे."

"माहीच हाय. डाव्या अंगाचा आरसा पाह्य. तारेनं बांधेल हाय."

पुनमने आरशाकडे पाहिलं नाही. खऱ्याकडे नाही आणि मोबाइलमधल्याकडेही नाही. आखाडा बाळापूरच्या स्टँडबाहेर जीपा रांगेला लागल्या होत्या. विश्वंभरचा नंबर तिसरा होता. बापलेक पुढच्या शिटांवर बसले होते आणि मध्ये जेवणाचा डबा होता. डबा द्यायला म्हणून ती घरून चालत आली होती. चार वर्षांत पहिल्यांदा पुण्याहून आली ती परवा, न कळवता. आठ दिवस राहते म्हणाली. आणि आज हा डबा. इथेच त्याला शंका यायला हवी होती. आलीही होती, पण ती त्याने भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर गिळली.

पुनम मोबाइलवरच्या गेमच्या गोष्टी लिहायची. म्हणजे नेमकं काय करायची, हे विश्वंभरला स्टँडवर कुणाला धड सांगता आलं नव्हतं. "गेमात कशाची गोष्ट? मारायचं अन् पळायचं," असं सुदाम म्हणायचा. सुदामची जीप कायम त्याच्या मागच्या नंबरला असायची, त्यामुळे त्याचं बोलणंही कायम मागून यायचं.

"दोन केल्यात मी," पुनम म्हणाली. "एक सरळ. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच रस्ता. खेळणाऱ्याने फक्त गाडी चालवायची, हॉर्न द्यायचा, बसलेल्यांशी बोलायचं. दुसरीला फाटे आहेत. तिथे मध्येच विचारतात, आता काय करायचं? तुम्ही सांगाल तशी गोष्ट वळते. कोणती ठेवायची ते सोमवारी ऑफिसला फोनवर सांगायचंय. तुम्ही दोन्ही खेळा आणि मला सांगा."

"म्या काय सांगू? तुह्या हापिसात मानसं न्हाईत का?"

"त्यांनी जीप चालवलेली नाही."

उत्तर बराबर होतं. जरा जास्तच बराबर होतं, घरून ठरवून आणल्यासारखं.

पहिली खेप

गेममधल्या ड्रायव्हरला मिशी होती, नाव नव्हतं. गाडी स्टँडवर उभी. वर पाटीसारखं लिहिलेलं होतं: अकरा शीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही.

हा स्टँडचा खरा नियम. त्याआधी जो हलेल त्याचा नंबर जातो आणि त्याने रांगेत शेवटी जाऊन लागायचं. पुनमने नियम बरोबर उचलला होता. माणसं येत गेली, बसत गेली. एक बोकड घेऊन आलेला म्हातारा, दोन कॉलेजच्या पोरी, एक पोस्टमन. दहा झाले.

पुढच्या खिडकीपाशी हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. डोकं काचेला टेकलेलं. एक हात पोटावर. मांडीवर पोरगी.

विश्वंभरचा घास तोंडातच राहिला.

अंगठ्याला करण्यासारखं काही नव्हतं. हॉर्न तेवढा देता येत होता. त्याने तो दिला, पुन्हा दिला, देतच राहिला. अकरावं शीट यायचं तेव्हाच आलं. गाडी निघाली. वारंगा फाटा गेला, डोंगरकडा गेलं, ऊन उतरलं. डोंगरकड्याच्या पुढे बाईचं डोकं काचेवरून घसरून खाली आलं. गेम त्यावर एक शब्द बोलला नाही. पोरगी बाहेर बघत राहिली. नांदेडचे दिवे दिसले आणि संपलं.

"चांगला हाय," तो म्हणाला आणि मोबाइल पालथा ठेवला.

"दुसरी खेळा."

"नंबर यील माहा."

"अजून दोन गाड्या आहेत पुढे."

तिने मोजूनच बसवलं होतं आपल्याला.

खेप, जिची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे

तेवीस वर्षं झाली. मिराच्या पोटात दोन दिवस दुखत होतं. बाईमाणसाचं पोट दुखतंच, असं तीही म्हणाली आणि तोही म्हणाला. तिसऱ्या दिवशी नांदेडला डॉक्टरला दाखवायचं ठरलं. बाजाराचा दिवस होता, नंबर लागलेला होता, रिकामी गाडी कोण नेतो? आठ वर्षांच्या पुनीला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तीही मांडीवर. दहा शीट भरले होते. अकराव्यासाठी गाडी थांबली.

संध्याकाळी नांदेडचा डॉक्टर म्हणाला, "जरा आधी आणायला पाहिजे होतं."

जरा म्हणजे किती, हे विश्वंभरने विचारलं नाही.

तेव्हापासून त्याची जीप दहावर निघते. नियम नियमाच्या जागी. स्टँडवाले पहिल्यांदा भांडले, मग हसले, मग त्यांनी त्याला दहा शिटाचा मालक हे नाव ठेवलं आणि विषय संपवला. पुनमने मात्र कधी काही विचारलं नाही. दहावीला नाही, पुण्याला जाताना नाही. न विचारणारं लेकरू घरात असलं की माणूस दाराआडूनसुद्धा कान देऊन ऐकतो. विश्वंभर तेवीस वर्षं तसा ऐकत होता.

दुसरी खेप

तोच स्टँड, तोच बोकड. दहा शीट. मग पडद्यावर दोन पिवळे चौकोन आले.

थांबा. निघा.

आता कळलं. कोणती ठेवू हे विचारायला ती आलीच नव्हती. चौकोन दाखवून पोरगी बापाचा अंगठा कुठे पडतो ते बघत होती.

त्याने 'थांबा' दाबलं. मघाचंच सगळं झालं. डोंगरकडा, काच, डोकं.

पुन्हा सुरुवात. पुन्हा दोन चौकोन. 'निघा'वर अंगठा न्यायला त्याला वेळ लागला. या वाटेने ती बाई पोचली तर? पोचली, तर पुनमच्या मनात निकाल लागलेला आहे आणि तो तिने इथे, तारेने बांधलेल्या आरशाखाली बसून, बापाच्या हातात दिला आहे.

त्याने दाबलं.

गाडी दहावर निघाली. वारंगा फाट्याला उसाची ट्रॉली आडवी झालेली. पुढे गाड्या, मागे गाड्या. ट्रॉली हलेपर्यंत ऊन उतरलं. डोंगरकड्याच्या पुढे डोकं घसरलं. नांदेडचे दिवे.

तिसऱ्यांदा त्याने फाट्याआधीच गाडी शेतातल्या वाटेला घातली. तसाही एक चौकोन होता. टायर बसलं. ऊन उतरलं.

"तुह्या गेमात खोट हाय," तो म्हणाला. "कुठूनबी गेलं तरी तिथंच येतंय."

"तसंच करतात, अण्णा. एकेक फाटा वेगळा शेवटपर्यंत नेला तर गोष्टी आवरत नाहीत. एकाचे दोन, दोनाचे चार होतात. म्हणून थोडं फिरवून परत एका रस्त्याला आणतात. खेळणाऱ्याला वाटतं, आपण निवडलं."

"म्हंजे फसवता."

"थोडंसं."

"ट्रॉली कुणी आडवी केली?"

"मी."

"काहून?"

पुनमने डब्याचं झाकण लावलं. नीट बसलं नाही म्हणून काढून परत लावलं. हा धंद्यातला शहाणपणा होता की माफी होती, हे विश्वंभरला तिच्या तोंडावरून ओळखता येईना. माफी असली तर ती त्याला न विचारता दिलेली होती. त्याची त्याला जास्त भीती वाटली.

"मला त्या दिवसाचं फार आठवत नाही," ती म्हणाली. "आईचा आवाजसुद्धा नाही. म्हणून गेममध्ये ती बोलत नाही. एकच आठवतं. गाडी चालू झाली होती. अंगाखाली थरथरत होती. मग तुम्ही बंद केली. एवढं मी दोन्हीत कुठेच घातलं नाही. का बंद केली, अण्णा?"

म्हणजे डबा ह्यासाठी होता.

फाटा, जो गेममध्ये नाही

त्या दिवशी तो कंटाळून दहावरच निघाला होता. सुदाम मागून ओरडला होता, "नंबर जाईल बरं का." त्याने किल्ली फिरवली होती. इंजिन लागलं होतं.

"थांबा वो," मिरा खिडकीतून म्हणाली. "नीलाबाई येऊन राहिली."

लांब, पिंपळापाशी, डोक्यावर गठुडं घेऊन नीलाबाई येत होती. तिचा गुडघा गेलेला. पाऊल टाकायची, उभी राहायची.

"तुहं दुखून राहिलं ना?"

"दुखतंय तं दुखू द्या. मागची गाडी आता काय भरत न्हाई. पायी जाईल का बाई डोंगरकड्याला?"

त्याने इंजिन बंद केलं. नीलाबाईला यायला वेळ लागला. गठुडं टपावर बांधायला वेळ लागला. दोरी तुटली, ती परत बांधायला लागला. जरा जरा करत बराच वेळ गेला.

तीच बैठक

एक वाक्य होतं. खरं होतं. तेवढं बोललं की पुनम त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. पण मग ती खिडकीपाशी बसलेल्या आईकडेही वेगळ्या नजरेने बघेल. जन्मभर. आणि खिडकीपाशी उत्तर द्यायला कुणी नाही.

"शीट आलं," विश्वंभर म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच. अकरावं शीट आलं, म्हून बंद केली."

पुनम बाहेर बघत राहिली. पहिल्या नंबरची जीप भरून निघाली. धूळ आत आली. दोघांनीही काच वर केली नाही.

"एक काम कर," तो म्हणाला. "फाट्यावालाच ठेव. पन ट्रॉली काढ."

"म्हणजे?"

"'निघा' म्हनलं की गाडी पोचली पायजे. उजेडात. बाई आपल्या पायानं उतरली पायजे."

"मग जो 'थांबा' दाबेल, त्याच्यामुळे ती गेली असं होईल."

"व्हय."

"अण्णा, असं नसेलही. डॉक्टरचं ते बोलणं... कुणाला माहीत?"

"कुनालाच न्हाई. तरी काढ. एका तरी फाट्यावर पोचव तिला."

पुनमने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही.

"अन् तिला बोलू दे," तो म्हणाला. "'पुनीला शेंगा घ्या, भुकेजली हाय ती.' असं म्हनली होती."

"आई?"

"व्हय. म्या पुडी आनली. तू उघडली न्हाई. झोपली."

हेही खरंच होतं. द्यायला त्याच्याकडे दोन वाक्यं होती. त्यातलं एक त्याने दिलं.

आजची खेप

नंबर आला. पुनम उतरली नाही. "डोंगरकड्यापर्यंत येते," म्हणाली, "आणि तुमच्याच गाडीने परत." खिडकीपाशीच बसून राहिली. पाहुणी म्हणून नव्हे. विश्वंभरने तिला शिटात मोजलं. मागे सात, मध्ये दोन, ती एक. दहा.

त्याने किल्ली फिरवली.

"निघाले मालक," मागून सुदाम म्हणाला. "आज तं पोरगी हाय संगं. आज तरी भरून न्या."

जीप थरथरायला लागली. विश्वंभरने गिअरवर हात ठेवला. पुनम खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघत होती.

"थांबा वो, अण्णा," ती म्हणाली. "ती बाई येऊन राहिली."

इतक्या वर्षांचं पुणं तिच्या जिभेवरून कधी उतरलं, तिला कळलंही नसावं. तिने मान आत घेतली नव्हती. विश्वंभरने तिच्याकडे पाहिलं. मग आरशात पाहिलं. पिंपळाखालून कुणीतरी, डोक्यावर गठुडं घेऊन, जमेल तशी चालत येत होती.

तेवीस वर्षांत तो दहा शिटांवर कधी थांबला नव्हता.

त्याने किल्ली मागे फिरवली. पुनम खिडकीपासून आत सरकली, डबा मांडीवर घेतला आणि बाईसाठी जागा केली. इंजिन बंद झालं होतं. तारेने बांधलेला आरसा मात्र थोडा वेळ हलत राहिला, आणि त्यात ती बाईही.