चार वाव पाण्याखालचे तीन फोटो

मालवणच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सुभद्रा मयेकरचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ तिच्या वडिलांनी काढलेला. ते गेले तेव्हा बाजारातल्या चारचौघांना वाटलं, आता ही दाराला कुलूप लावून मुंबईला भावाकडे जाईल. सुभद्रेने तेराव्यानंतरच्या सोमवारी दार उघडलं, पडदा झटकला आणि बाहेर ताटकळलेल्या एका नवराबायकोला बाकावर बसवून म्हणाली, "हनवटी वर. हसू नका, पण रडूही नका." त्याला आता पाच वर्षं झाली होती. आचऱ्यापर्यंतची लग्नं तिच्याकडेच येत.

१९६२ सालच्या एप्रिलात एका दुपारी गुणाजी मेतर स्टुडिओत आला. गुणाजी गावातल्याच दांडी किनाऱ्यावरचा मच्छीमार. खडकात जाळं अडकलं की बुडी मारून ते सोडवायचं काम सगळा किनारा त्यालाच सांगे. त्याच्यामागे त्याचा मामा, धोंडू तांडेल, दारातच उभा राहिला. आत येईना.

धोंडूची गोष्ट गावभर झाली होती. तीस वर्षं मचवा हाकणाऱ्या या माणसाचा मचवा आठवड्यापूर्वी कौलांच्या भरीसकट बंदराच्या तोंडाशी बुडाला. माणसं वाचली. मालक म्हणत होता, धोंडूने झोपेत मचवा खडकावर घातला. धोंडू सांगत होता, खडक नव्हे, पाण्याखाली कुठल्याशा आगबोटीचा जुना नांगर पडलेला आहे. त्याच्यावर तरंगणारं खुणेचं पिंप गेल्या पावसात वाहून गेलं, आणि त्या नांगरानेच तळ फोडला. पंधरा दिवसांनी बंदर कचेरीत चौकशी होती. दोष धोंडूवर आला तर तांडेलकीचा दाखला जाणार होता.

"मी खाली जावन बघलंय," गुणाजी म्हणाला. "नांगर आसा. फळयेत घुसलेलो आसा. पण साहेब म्हणता, तू तेचो भाचो, तुझ्या शब्दाक काय किंमत? आणि पाऊस सुरू झालो काय मचवो फुटान जातलो. मगे दाखवूक काय रवतला? सुभद्राबाय, पाण्याखाली फोटो निघतलो काय गो?"

सुभद्रेने विचारलं, "किती खोल?"

"चार वाव." म्हणजे चोवीस फूट.

"किती लांबचां दिसता?"

"सकाळी वारो नसलो तर धा-बारा हात."

"आणि तू खाली किती वेळ रवतंस?"

"दीड मिनिट. जीव खाल्लो तर दोन."

"मगे निघतलो," सुभद्रा म्हणाली. मग ती दाराशी गेली. "धोंडूमामा, एक सांगतंय. फिल्मवर जां येतला तां मी साहेबांच्या टेबलावर ठेवतलंय. नांगर इलो तर नांगर, खडक इलो तर खडक. चलतला?"

धोंडूने पहिल्यांदाच मान वर केली. "चलतला," तो म्हणाला. "माका पण एकदा बघूकच व्हया, माझी चूक होती काय ती."

त्याच संध्याकाळी सुभद्रेने घरात, शेजारात होते तेवढे कॅमेरे टेबलावर मांडले. सगळ्यात पुढे वडिलांचा दोन भिंगांचा कॅमेरा. त्याच्याइतका सुंदर फोटो दुसरा कुठला काढत नसे, आणि हात पहिल्यांदा त्याच्याकडेच गेला. पण तो चांगला वीतभर उंच. तो मावेल एवढं, पाणी न शिरणारं भांडं म्हणजे घागरच, आणि आत हवा भरलेली घागर पाण्याखाली न्यायची तर तिला दगडांचं ओझं बांधायला हवं. गुणाजी तेच ओढत बसला तर फोटो कधी काढणार? शिवाय त्यात बाराच फोटो. शाळेतल्या मास्तरांचा खोका कॅमेरा साधा होता, एक खटका दाबला की झालं. पण त्याचं भिंग मंद, त्याला उन्हातलं अंगण लागे. चोवीस फुटांखाली त्याला काळोखच दिसला असता. भात्याचा घडीचा कॅमेरा चपटा खरा, पण त्याची फिल्म एकीकडे फिरवायची, खटका दुसरीकडे चढवायचा आणि तिसरीकडे दाबायचा. भांड्याला तीन भोकं म्हणजे पाण्याला तीन वाटा.

उरला तो तिच्या चुलतभावाचा, भाईचा. भाई आगबोटीवर नोकरीला होता आणि सुट्टीवर घरी आला होता. हॅम्बुर्गच्या बंदरात घेतलेला त्याचा छोटा कॅमेरा तळहातात मावे. एक पट्टी ओढली की फिल्म पुढे सरके आणि खटकाही चढे. भिंग चांगलं उजेडाचं. आणि एकाच लांब पट्टीवर छत्तीस फोटो.

"ह्यो माका व्हयो," सुभद्रा म्हणाली.

"खाऱ्या पाण्यात?" भाई हादरला. "बुडवतलंस काय गो?"

"बुडवतलंयच. तेच्यासाठीच मागतंय."

भाईने कॅमेऱ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. लहानपणापासून तिने एकदा मनावर घेतलं की काय होतं हे त्याला ठाऊक होतं. त्याने कॅमेऱ्यासोबत उरलेले फिल्मचे दोन रोलही काढून दिले.

भांड्यासाठी ती बाबली मेस्त्रीकडे गेली. बाबली बंदरावर लाँचची इंजिनं दुरुस्त करी. सुभद्रेने कागदावर आकृती काढून नेली होती. बाबलीने ती उलटी धरली, सुलटी धरली आणि बाजूला ठेवली.

"माका कागद नको. कॅमेरो दी."

कॅमेरा हातात घेऊन त्याने सगळ्या बाजूंनी मापला. मग भंगारातून जुन्या पंपाचं जाड पितळी नळकांडं ओढून काढलं. "चौकोनी डबो नको. पाणी चारी बाजूंनी दाबता, डबो चेपतलो. गोल आसला काय दाब सगळीकडे सारखो." मागून पितळेची चकती झाळली, पुढे आगबोटीच्या गोल खिडकीची अर्धा इंच जाड काच बसवली. काचेखाली लॉरीच्या टायरच्या ट्यूबचं कडं कापून घातलं, वर आठ बोल्ट. पट्टीसाठी आणि खटक्यासाठी दोन दांडे आत जाणार होते. तिथे पाणी शिरायची भीती सुभद्रेला वाटत होती, बाबलीला नाही. "लाँचचो पंखो फिरता, तेचो दांडो बोटीतसून भायर जाताच ना? आत पाणी येता काय?" त्याने दोन्ही दांड्यांभोवती चरबीत भिजवलेली सुती दोरी गच्च ठासली आणि वरून पितळी टोपणं आवळली.

कॅमेरा न घालताच पहिली परीक्षा झाली. आत टीपकागद ठेवून डबा दोरीने चार वाव खाली सोडला. वर आला तेव्हा कागदाचा एक कोपरा ओला. बाबलीने ओळीने आवळलेले बोल्ट सैल केले आणि समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे आवळले. दुसऱ्या वेळी कागद कोरडा आला. सुभद्रेने आणखी दोनदा सोडायला लावला. तिसऱ्यांदाही कागद कोरडा आल्यावर तिने कॅमेरा आत ठेवला. डबा तरंगू नये म्हणून जाळ्याचं शिसं त्याच्या पोटाला बांधलं, आणि पुढे चार फुटांची बांबूची काठी. काठीचं टोक वस्तूला टेकवायचं आणि खटका दाबायचा. म्हणजे अंतराचा घोळ नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून ते बुडालेल्या मचव्यावर गेले. गुणाजी दहा वेळा खाली गेला आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो काढून वर आला. सुभद्रेने दुपारी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली. डब्यात थेंब शिरला नव्हता, फिल्मवर चित्रंही उमटली होती, पण सगळी धूसर. लाकूड कुठे आणि लोखंड कुठे, कळायला मार्ग नव्हता.

गुणाजी खचला. "माझो हात हाललो असतलो."

"तुझो हात नाय," सुभद्रा म्हणाली. तिने ओली फिल्म पुन्हा उजेडासमोर धरली. एका चौकटीत काठीचं टोक धूसर होतं, पण त्याच्या फूटभर पलीकडे पडलेलं कौल स्वच्छ, रेघ न् रेघ दिसत होतं. हात हलला असता तर कौलही पुसट झालं असतं. कॅमेऱ्याला लांबचं नीट दिसलं होतं, जवळचं नाही. असं का? तिने चार फुटांची काठी बांधली आणि भिंगही चार फुटांवर लावलं. मग कॅमेऱ्याला काय वेगळं दिसलं? हात धुवायला ती परसात गेली, विहिरीत वाकली आणि तिथेच थांबली. विहिरीचा तळ नेहमीच हाताशी आल्यासारखा दिसतो, आणि पोहरा सोडला की दोरी पुरत नाही.

ती ओल्या हातांनी परत आली. "चूक माझी. पाण्यात वस्तू जवळ दिसता, कॅमेऱ्याक पण तशीच दिसता. काठी चार फुटांचीच रवांदे. भिंग मी तीन फुटांवर लावतंय."

रोल आता एकच उरला होता. पण या वेळी तिने गुणाजीला लगेच पाण्यात धाडलं नाही. दोन दिवस वाळूवर उभं करून, श्वास रोखायला लावून, रिकाम्या कॅमेऱ्यावर तेच तेच करून घेतलं. आधी मचव्याच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, नंबर. मग नंबरापासून फुटलेल्या तळापर्यंत एकामागून एक, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला थोडा भाग आलाच पाहिजे. शेवटी नांगर. "आणि नांगरावर दुसरो हात ठेव. केवढो आसा तां साहेबांक कळाक व्हया."

तिसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. धोंडू स्वतः होडीचं वल्हं धरून बसला होता. गुणाजी सात वेळा खाली गेला. शेवटच्या वेळी वर यायला उशीर झाला तेव्हा धोंडूने वल्हं टाकून उडी मारायची तयारी केली, तेवढ्यात पितळी डबा पाण्याबाहेर आला आणि मागून गुणाजीचं डोकं. त्याला धाप लागली होती. तो नुसता मान हलवत हसत होता.

चौकशीच्या दिवशी बंदर कचेरीत मचव्याचा मालक आधीच येऊन बसला होता. सुभद्रेने वडिलांच्या पेट्रोमॅक्सवर चालणाऱ्या यंत्रातून मोठे केलेले तीन फोटो साहेबांसमोर ठेवले.

"बाई, हे कुठलंही लाकूड असू शकेल," साहेब म्हणाले. "याच मचव्याचं कशावरून?"

"साहेब, पहिल्या फोटोत नंबर आहे."

"नंबर एका फोटोत, नांगर दुसऱ्यात. मधे काय आहे ते मला कसं कळणार?"

सुभद्रेने पिशवीतून न कापलेली फिल्मची अखंड पट्टी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "मधलं सगळं इथे आहे. फिल्म कुठेही कापलेली नाही. नंबरापासून नांगरापर्यंत मचव्याच्या कडेकडेने चालत जा."

साहेबांनी चष्मा पुसला. भिंग मागवलं. चौकटीमागून चौकट ते खरंच चालत गेले, आणि शेवटच्या चौकटींपाशी बराच वेळ थांबले. गंजलेल्या नांगराचा माणसाएवढा पंजा तीन फळ्या फोडून आत घुसला होता, आणि त्यावर गुणाजीची पाच बोटं स्वच्छ दिसत होती.

"इथे खडक कुठे आहे?" साहेबांनी मालकाला विचारलं. मालकाने पट्टीकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून मान पुसली.

बाहेर थांबलेल्या धोंडूला आत बोलावलं. त्याने फोटो दोन्ही हातांत धरला. "नांगरच होतो," तो हळूच म्हणाला. "गेले वीस दिवस मी पण म्हणूक लागललंय, झोप लागली होती काय माका?" डोळ्यांतलं पाणी त्याने लपवलं नाही. दाखला त्याच्याकडेच राहिला, आणि पाऊस लागायच्या आत त्या जागेवर खुणेचं नवं लाल पिंप तरंगू लागलं.

भाई बोटीवर परत जाताना कॅमेरा न्यायला आला, तेव्हा सुभद्रेने तो पुसून, तेल देऊन तयार ठेवला होता. त्याने तो हातात घेतला, टेबलावरच्या पितळी डब्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. "माझ्याकडे हेच्यात नुसती बंदरां भरतत. तुझ्याकडेच रवांदे."

नोव्हेंबरात पाणी पुन्हा निवळलं. गुणाजीची बायको पद्मावती लहानपणापासून खडकांवरून उड्या मारत वाढलेली. तिने सुभद्रेला गावातल्याच राजकोट किल्ल्याच्या खडकांआड महिनाभर बुड्या शिकवल्या. नाकात पाणी, कानात दडे, गुडघे खरचटलेले, आणि किनाऱ्यावरच्या बायकांची कुजबुज. सुभद्रेने कशालाही दाद दिली नाही. मग एका सकाळी तिने कासोटा घट्ट मारला, डबा छातीशी धरला आणि स्वतः खाली गेली.

खडकाच्या कपारीत पिवळ्या पट्ट्यांचे मासे एका रांगेत उभे होते, जणू स्टुडिओत फोटोला आलेलं एखादं एकत्र कुटुंब. हे कोणाला सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. तिने काठी पुढे केली, खटका दाबला, पट्टी ओढली, पुन्हा दाबला.

ती वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. पद्मावतीने हात पुढे केला. "पुरे झाला गो बाये. थंडी भरतली."

सुभद्रेने केसांतलं पाणी निथळलं. "अजून अकरा फोटो शिल्लक आसत," ती म्हणाली, आणि छाती भरून श्वास घेऊन पुन्हा खाली गेली.